किटलीच्या पुस्तिकेतले तिरपेराव

ती. ताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार. (साष्टांगच घालणार होतो, पण डावा गुडघा परवानगी देत नाही. हा अर्धा समज, उरलेला गुडघा बरा झाल्यावर.) पत्राच्या सुरुवातीला 'मी मजेत आहे, तूही मजेत असशील' असं लिहायची रीत आहे. पण जिच्या दाढेची, पाठीची आणि परसातल्या त्या डुगडुगत्या शिडीची सहा वर्षांत मला काडीची खबर नाही, त्या बहिणीला मजेत असशील असं कुठल्या तोंडाने लिहू? तेव्हा सरळ विचारतो. दाढ काढलीस, की अजून एकाच बाजूने चावतेस? पाठ काय म्हणते? शिडीवर तू स्वतः चढत नाहीस ना? चढत असशील तर मला कळवू नकोस, उगीच जीव टांगणीला लागतो. माझं म्हणशील तर गुडघा सोडून बाकी सगळं जागच्या जागी आहे. केस सोडून, असंही म्हणायला हवं.

तर, तुझं पत्र पोचलं. तू नाव घातलं नव्हतंस, मायना नव्हता, तारीखसुद्धा नव्हती. पाकिटावर 'किटलीचा कारखाना, आतलं पुस्तक लिहिणाऱ्या माणसास' एवढाच पत्ता. पण पत्त्याखाली दोन रेघा ओढून त्या कागद फाटेस्तोवर दाबणारं माणूस या पृथ्वीवर एकच आहे, आणि लहानपणी त्याच हाताने माझ्या वह्यांना कव्हरं घातली आहेत. आत तीन ओळी. किटलीचं पुस्तक वाचलं. वरची खोली रिकामी आहे. खिडकी पूर्वेला आहे. बस. सहा वर्षांच्या अबोल्यानंतर बोलायला निघालीस ती खिडकीच्या दिशेपर्यंत येऊन थांबलीस. ताई, ते पत्र तुझं नव्हे असं आता सांगू नकोस. तू बोलावलंस आणि मला उत्तर द्यायचं आहे. उत्तर शेवटी देतो. पण त्याआधी किटलीचा सगळा प्रकार ऐकून घे, नाहीतर भाऊ भ्रमिष्ट झाला म्हणून आपण त्याला खोली देतोय अशी तुझी समजूत राहील, आणि तसा मी कुणाच्याच घरी जाणार नाही.

आमच्या छापखान्यात घरगुती यंत्रांच्या पुस्तिका होतात हे तुला ठाऊक आहेच. पंखा, इस्त्री, शिलाई यंत्र, पाण्याचा पंप. खोक्यात सगळ्यात वर असते आणि माणूस ती न वाचता खालचं यंत्र काढतो, ती पुस्तिका. अक्षरं जुळवायचं काम माझं. पूर्वी शिशाचे खिळे जुळवायचो, आता पडद्यावर जुळवतो. या पुस्तिकांचं अक्षर साधं, सडपातळ आणि सरळ असतं. त्याच्याकडे बघून कुणाला काही वाटू नये हीच त्याची लायकी. पण आमच्याकडे आणखी एक अक्षर होतं. अंगाने जाड, उजवीकडे झुकलेलं, आणि प्रत्येक टोकाला बारीक पावलं असलेलं. छापखान्याच्या भाषेत ठळक तिरपा पाऊलवाला. आम्ही म्हणायचो तिरपेराव. (जाड अंगाचा माणूस पायात नवे जोडे घालून घाईने तुमच्याकडे सांगायला येतोय असं ते दिसतं, म्हणून राव.) त्यांचा स्वभाव असा की साधी गोष्ट त्यांना सांगताच येत नाही. 'पाणी भरा' हे त्यांच्या तोंडून आलं की वाटतं, घराला आग लागली आहे. म्हणूनच दुकानदार त्यांना सवलतीच्या पाटीवर बसवतात, औषधवाले 'मुलांपासून दूर ठेवा' हे त्यांच्याकडून वदवून घेतात, आणि खानावळीवाले आदल्या दिवशीची भाजी 'आजची खास' म्हणून त्यांच्याच खांद्यावर देतात. मालकांचा नियम होता, एका पानावर तिरपेराव एकदाच. दुसऱ्यांदा आले की वाचणारा त्यांना ओळखतो आणि मग ऐकत नाही. यात तथ्य आहे. मी स्वतः असे दोन-तीन पाहुणे पाहिले आहेत.

पण तिरपेरावांचा खरा उपयोग आमच्याकडे वेगळाच होता, आणि सगळं घोडं तिथेच पेंड खातंय. मजकूर जुळवताना मला शंका आली, की मी ती समासात न लिहिता मजकुरातच, त्याच ओळीत, तिरपेरावांत घालायचो. 'स्क्रू चार की सहा? चित्रात पाच दिसतात.' पुस्तिकेत हे अक्षर एरवी जवळजवळ नसायचंच, त्यामुळे प्रूफ तपासणाऱ्याच्या डोळ्यात ते लगेच खुपायचं. तपासणाऱ्या म्हणजे आमच्या तपासनीसबाई. काचेच्या पार्टिशनपलीकडे बसायच्या. त्या उत्तर पेन्सिलने लिहायच्या, वाक्यावर काट मारायच्या, प्रूफ परत यायचं, मी वाक्य काढून टाकायचो. एकोणीस वर्षं असं चाललं. आता एकोणीस वर्षं माणूस नुसत्या स्क्रूंबद्दल किती विचारणार? हळूहळू तिरपेराव इकडचं तिकडचं बोलायला लागले. 'आज डोकं दुखतंय, आकडे नीट बघा.' त्यावर पेन्सिलने 'खिडकी उघडा.' 'मालक आज तिसऱ्यांदा उसासले.' त्यावर 'चौथ्यांदा. एक तुम्ही ऐकला नाहीत.' तोंडाने आम्ही कधी फारसं बोललो नाही, समोरासमोर दोघांनाही अवघडल्यासारखं व्हायचं. (ताई, तुझ्या भुवया वर गेलेल्या मला इथून दिसतायत. तसलं काही नव्हतं. असतं तर मी तिरपेरावांत लिहिलं असतं आणि बाईंनी व्याकरण सुधारून परत पाठवलं असतं.) बाईंचं या अक्षराबद्दल एक मत होतं. त्या म्हणायच्या, ठळक म्हणजे मोठ्याने, तिरपं म्हणजे कानात, आणि दोन्ही एकदम म्हणजे कानात ओरडणं. ते फक्त हक्काच्या माणसाने करावं. मला हे फार पटायचं.

दोन वर्षांपूर्वी बाई निवृत्त होऊन लेकीकडे दुसऱ्या देशात गेल्या. शेवटच्या दिवशी मी प्रूफात घातलं होतं, 'उद्यापासून हे कोण काढणार?' त्याच्यावर काट आली आणि शेजारी पेन्सिलने, 'स्वतः काढत जा.' त्यांच्या जागी माणूस आला नाही. मालकांनी संगणकात एक तपासणारा प्रोग्रॅम बसवून घेतला. तो शब्द चुकला की खाली लाल नागमोडी रेघ ओढतो आणि शब्द बरोबर असला की गप्प बसतो. गप्प बसण्यात तो पटाईत आहे. काचेपलीकडे आता कागदांचे गठ्ठे ठेवतात. मी मात्र प्रूफात तिरपेरावांना घालतच राहिलो. सवय म्हण, खोड म्हण, काय म्हणायचं ते म्हण. घालायचो, थोडा वेळ बघत बसायचो, आणि संध्याकाळी निघताना काढून टाकायचो. बोलायला दुसरं ठिकाण नव्हतं गं. तुला म्हणून सांगतो, शनिवारी दुपारी छापखाना सुटला की सोमवारी सकाळपर्यंत माझ्या तोंडून शब्द निघत नाही. सोमवारी दरवानाला 'काय, कसं काय' म्हणायला जातो तर घशातून आधी नुसता खरखराट येतो. म्हणून मी महिन्यातून तीनदा केस कापायला जायला लागलो, कारण न्हावी बोलतो. गेल्या खेपेला तो खुर्चीभोवती एक फेरी मारून उभा राहिला आणि नम्रपणे म्हणाला की आता कापण्यासारखं काही उरलेलं नाही, पण तुम्ही बसा हवं तर. मी बसलो. त्याने कात्री हवेत चालवली. इतका भला माणूस मी पाहिला नाही.

अशात ती किटली आली. विजेवर चालणारी, पांढरी, बाहेरून पाण्याची पातळी दिसणारी. सोळा पानांची पुस्तिका. काम साधं होतं, पण त्या किटलीने माझा अंतच पाहिला. तिसऱ्या पानावर वाक्य होतं, 'किटलीत किमान खुणेपर्यंत पाणी असल्याशिवाय ती चालू करू नये.' नमुन्याची किटली माझ्या टेबलावरच होती. मी पाणी मोजून बघितलं, तर किमान खूण दोन कपांची. म्हणजे जगात एका कपाचा माणूस असतो हे ती बनवणाऱ्याच्या गावीही नव्हतं. माझं डोकंच फिरलं. त्या वाक्यापुढे मी तिरपेरावांना उभं केलं, 'किमान खूण दोन कपांची आहे. एकट्या माणसाने काय करावं?' पाचव्या पानावर 'झाकण नीट बसल्यावर खट् असा आवाज येईल' असं होतं. त्यापुढे घातलं, 'घरात दिवसभरात तेवढाच आवाज येतो.' आठव्या पानावर उरलेलं पाणी ओतून द्यायची सूचना होती. मला माझाच राग आला होता. समोरच्या दारात कोण राहतं हे मला अकरा वर्षांत माहीत नाही. तिथे लिहिलं, 'दुसरा कप ओतून देऊ नये. शेजारी नेऊन द्यावा.' आणि हमीच्या पानावर, जिथे दोन वर्षांत काही बिघडल्यास कळवावं असं म्हटलंय, तिथे तिरपेराव म्हणाले, 'कळवायला कुणीतरी असावं लागतं.' सगळं लिहून बरं वाटलं. जरा हलकं वाटलं. त्या हलकेपणात त्या संध्याकाळी मी दिवा बंद केला, पंखा बंद केला, डबा घेतला आणि घरी आलो. वाक्यं काढायची राहिली.

सकाळी गेलो तोवर पानं छपाईला गेली होती. संगणकातल्या तपासनीसाने ती रात्रीतून तपासली होती आणि त्याला एकही चूक सापडली नव्हती. (शुद्धलेखन बरोबरच होतं. मी कितीही खचलो तरी ऱ्हस्व-दीर्घ चुकत नाही.) मला आठवलं ते तिसऱ्या दिवशी, न्हाव्याच्या खुर्चीत. धावत गेलो. गुडघा तेव्हापासूनच धरलाय. सहा हजार पुस्तिका शिवून, कापून, गाडीत भरून किटलीच्या कारखान्यात पोचल्या होत्या आणि खोक्यांत बसल्या होत्या. आता कुणाला सांगावं? मी कुणालाच सांगितलं नाही. मनात म्हटलं, पुस्तिका कोण वाचतंय? चाळीस वर्षं मी या धंद्यात आहे आणि पुस्तिका वाचलेला माणूस मला भेटलेला नाही. नेमकी हीच सगळ्यांनी वाचली.

एका महिन्याने किटलीच्या कारखान्याचे व्यवस्थापक स्वतः आले. हातात पुस्तिका आणि पत्रांचा गठ्ठा. मालकांनी मला आत बोलावलं. व्यवस्थापकांनी पुस्तिका उघडून माझ्यापुढे धरली आणि विचारलं की हे जाडजूड, वाकलेलं काय आहे. आता बघ, माणसाने अशा वेळी माफी मागावी, अंग चोरावं. मला वाटलं ते अक्षराबद्दल विचारतायत. मी त्यांना तिरपेरावांची सगळी माहिती दिली. झुकाव किती असावा, पावलं कशासाठी, 'आजची खास'पर्यंत सगळं. दोन वर्षांत मला कामाबद्दल कुणी काही विचारलंच नव्हतं, मी सुटलोच. मालकांनी तीन उसासे टाकले. (मी मोजले. पण सांगू कुणाला?) व्यवस्थापक मात्र शेवटपर्यंत ऐकत होते, आणि नंतर त्यांनी गठ्ठा सोडून पत्रं माझ्यापुढे सरकवली.

तक्रारी असतील असं मला वाटलं होतं. एकूण अठरा पत्रं होती, त्यातली तक्रार एकच, आणि तीही दांडा गरम होतो अशी. एका निवृत्त ड्रायव्हरने लिहिलं होतं की तोही दोन कप करतो, दुसरा समोरच्या खुर्चीपुढे ठेवतो आणि गार झाला की तोच पितो. तुम्ही काय करता ते कळवा. एका नर्सने लिहिलं होतं की तिच्याकडे झाकणाचा खट् आवाज आलाच नाही, तर तिची किटली बिघडलेली आहे का, आणि आवाज यावा असं तिला फार वाटतं. एका गृहस्थांनी आठव्या पानावरची सूचना अधिकृत धरली. जाड आणि तिरपं छापलंय म्हणजे सुरक्षेची बाब असणार, असा त्यांचा हिशोब. (तिरपेरावांचा दरारा बघ.) ते रोज सकाळी दुसरा कप शेजारी नेऊन देत होते. शेजाऱ्याशी भिंतीवरून भांडण होतं, त्यामुळे पहिले चार दिवस न बोलता कप ठेवून परत यायचे, पाचव्या दिवशी शेजाऱ्याने बसा म्हटलं. त्यांचा प्रश्न एवढाच होता की बाहेरगावी गेल्यावर एखादा दिवस चुकला तर हमी रद्द होते का. हे पत्र मी उभ्या उभ्या वाचलं आणि मला खुर्चीवर बसावं लागलं. ताई, मी रडलो. मालकांच्या केबिनमध्ये, परक्या माणसासमोर, साठी उलटलेला बाप्या. व्यवस्थापक खिडकीबाहेर बघत राहिले. आणि गठ्ठ्यात सगळ्यात खाली तुझ्या त्या दोन रेघा होत्या. मालकांनी मला समज दिली, तिरपेरावांना संगणकातून कायमचं काढून टाकलं, आणि विषय संपला.

आता आपल्या दोघांतल्या विषयाचं. तो न काढता हे पत्र संपवता येईल का म्हणून मी बराच वेळ पेन हातात धरून बसलो होतो, पण नाही येत. भाऊजी गेले तेव्हा आठवणीचं कार्ड तू मला करायला सांगितलंस. मी भाऊजींचं नाव तिरपेरावांत घातलं, अंगठ्याएवढ्या मोठ्या आकारात. माझ्याकडे होतं त्यातलं सगळ्यात मायेचं अक्षर मी काढलं होतं. एवढंच एक अक्षर वाचणाऱ्याकडे जरा वाकून बघतं, बाकीची सगळी ताठ उभी असतात. ते मी कापडात गुंडाळून घेऊन आलो, आणि तू भरल्या घरात ते उघडून सगळ्यांदेखत म्हणालीस, "हे माझ्या नवऱ्याचं कार्ड आहे की दुकानातल्या सेलची पाटी?" कुणीतरी हसलं. मी पिशवी उचलली आणि पानावर न बसता स्टेशनवर आलो. पहिलं वर्ष मी तुझ्या पत्राची वाट बघितली. दुसऱ्या वर्षी मला तुझा राग आला. तिसऱ्या वर्षापासून राग आठवायलाही मुद्दाम बसावं लागायचं, पण पत्र लिहायला हात उचलला नाही. एवढ्या उशिरा लिहिलं तर उशीर का केला हे लिहावं लागेल, म्हणून आणखी उशीर. तूही तशीच. एका आईची लेकरं आपण, कुणी कमी नाही.

तर तुझ्या खोलीचं उत्तर. विचार केला आणि नाही असं ठरवलं. कारणं देतो म्हणजे तुला वाईट वाटणार नाही. एक तर काम. पंपाची मोठी पुस्तिका हातात आहे, मी नसलो तर मालकांचं अडेल. दुसरं, गुडघा, तुझी खोली वर आहे आणि जिना अरुंद आहे. तिसरं, मला आता एकट्याची सवय झाली आहे. माझं मी उठतो, माझं मी निजतो, कुणाची कटकट नाही, कुणाला कटकट नाही. छान चाललंय. तू आठवण काढलीस यातच सगळं आलं. दाढेचं तेवढं बघ.

तुझा,
धाकटा

ता. क. कामाचं वर लिहिलंय ते खरं नाही. पंपाची पुस्तिका दुसऱ्या छापखान्यात गेली. विषय संपला असं लिहिलं तेही पुरतं खरं नाही. मालकांनी समज दिली आणि महिनाअखेर धरून निरोपही दिला. गेल्या शुक्रवारी सगळे जमले, दरवानाने दोन शब्द बोलून दाखवले, आणि भेट म्हणून मला तीच किटली मिळाली. पुस्तिका मात्र नवी आहे, दुरुस्त केलेली. वाचली. अगदी मुकी झाली आहे.

ता. क. २. जिन्याचंही मनावर घेऊ नकोस. मी इथे दुसऱ्या मजल्यावर राहतो आणि दिवसातून चार वेळा चढतो-उतरतो. त्यातल्या तीन वेळा काही कारण नसतं.

ता. क. ३. कार्डाबद्दल तू म्हणालीस ते बरोबर होतं. सहा वर्षं मी हे वाक्य तोंडातल्या तोंडात घोळवतोय. भाऊजींनी जन्मभर बाजारातले वजनकाटे तपासले, कुठल्या काट्याचा केसाएवढा कल खपवून घेतला नाही, आणि मी त्यांचं नाव तिरपं लावलं. भाऊजींचं नाव सरळच हवं होतं. लहान, सरळ, मधोमध. मला माझी माया दाखवायची होती, तुला तुझा माणूस हवा होता. सगळ्यांदेखत बोललीस याचं मला अजून वाईट वाटतं, ते वाटू दे. पण चूक माझी होती. माफ कर.

ता. क. ४. (पेन्सिलने लिहितोय, पेन घरी राहिलं. गाडी हलते म्हणून अक्षर असं येतंय, हात कापतो म्हणून नाही.) सवय झाली आहे असं जे लिहिलंय ते मी गाडीत बसल्यावर वाचलं आणि मलाच हसू आलं. कसली सवय? सवय झालेला माणूस किटलीशी भांडत नाही. ताई, मला एकट्याने राहवत नाही गं. समोरच्या बाकावर एक आजीबाई आहेत, त्यांनी विचारलं कुठे निघालात. मी म्हटलं, बहिणीकडे. इतकं सोपं उत्तर मला सहा वर्षांत देता आलं नव्हतं.

ता. क. ५. पाकिटावर तिकीट नाही हे तुझ्या लक्षात आलं असेलच. पत्र पोस्टाने आलेलं नाही, दाराखालून सरकवलंय, आणि मी बाहेर पायरीवर बसलोय. सोबत एक ट्रंक आणि एक वळकटी आहे. बेल मुद्दामच वाजवली नाही. बेल वाजली की तुला दार उघडावंच लागेल, लोक बघतात. पत्राचं तसं नसतं, ते वाचूनही माणसाला गप्प बसता येतं. तेव्हा तू सावकाश वाच, चष्मा लावून वाच, रागावायचं असेल तर रागावून घे. परतीची गाडी संध्याकाळी सहाला आहे, तोवर मी इथेच आहे. फक्त एक कर. ये म्हण नाहीतर जा म्हण, पण आतून मोठ्याने म्हण. आज शुक्रवार, आणि गाडीतल्या आजीबाई सोडल्या तर मंगळवारपासून माझ्याशी कुणी बोललेलं नाही.